पहिलीच्या मुलांचं पुस्तक आणि दिल्लीचा ताम्रपट

तुमचं पत्र मिळालं. थोडक्यात प्रश्न असा: तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवता. त्या मुलांना वाचता येईल असं बत्तीस पानांचं गोष्टींचं पुस्तक तुम्ही लिहिलंत, चित्रं शेजारच्या हायस्कूलच्या ड्रॉइंगच्या सरांनी काढली आणि दिवाळी २०२३ला ते छापून आलं. आता एका संस्थेचा व्हॉट्सॲपवर निरोप आला आहे की बालसाहित्यातल्या ‘राष्ट्रीय’ पुरस्कारासाठी तुमची निवड झाली, नोंदणीचे साडेतीन हजार रुपये भरा. भरावेत का, खरा राष्ट्रीय पुरस्कार कोणता, आणि आपल्या पुस्तकाला तो मिळू शकतो का, असं तुम्ही विचारता. शाळेच्या कपाटासाठी पुरस्कार मिळालेली पुस्तकं घ्यायची तर कोणती, हेही शेवटी विचारलं आहे.

पैसे भरू नका, ताई.

मुलांच्या पुस्तकांच्या संपादनात मी एकतीस वर्षं काढली. तेवढ्या काळात असे निरोप आमच्या प्रत्येक लेखकाला कधी ना कधी आलेले आहेत. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, मग ईमेल यायला लागली, आता व्हॉट्सॲप. निवड आधी होते, पुस्तक कुणी मागतच नाही. शाल, ट्रॉफी, फ्रेम केलेलं सन्मानपत्र, दोन माणसांचं जेवण, आणि तिसरा माणूस आणलात तर त्याचे वेगळे. त्या कार्यक्रमाला जाऊन आलेली माणसं वाईट नसतात. कुणीतरी आपल्या लिहिण्याची दखल घ्यावी ही भूक खरी असते, आणि मुलांसाठी लिहिणाऱ्याला ती जरा जास्तच असते, कारण गावातले लोक ‘पोरासोरांसाठी लिहितात’ एवढंच म्हणून पुढे जातात. पण पुस्तक न वाचता जो पुरस्कार देतो, तो तुमच्या पुस्तकाला काही देत नाही. साडेतीन हजारांत तुमच्या पुस्तकाच्या प्रती घ्या आणि आसपासच्या शाळांना एकेक द्या.

आता खऱ्याकडे येऊ. आपल्याकडे मुलांच्या साहित्यासाठी देशपातळीवरचा, भाषावार दिला जाणारा अधिकृत सन्मान म्हणजे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. २०१० साली सुरू झाला. चोवीस भाषांना दिला जातो: राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी. मराठीचा वेगळा, कोकणीचा वेगळा. त्यामुळे गोव्यात बसून मराठीत लिहिणारा लेखक मराठीच्या रांगेत येतो आणि कोकणीत लिहिणारा कोकणीच्या. ५०,००० रुपये आणि ताम्रपट असं त्याचं स्वरूप आहे. घोषणा अलीकडे अकादमीच्याच तरुण लेखकांसाठीच्या युवा पुरस्काराबरोबर जूनच्या सुमारास होते. प्रदान सोहळा बालदिनाच्या आगेमागे, नोव्हेंबरात. सोहळ्याला जोडून पुरस्कारप्राप्त लेखकांचा मेळावा असतो आणि तिथे आपण का आणि कसं लिहितो यावर बोलायचं असतं. त्या कार्यक्रमात चोवीस भाषांमधले लेखक एकाच मांडवाखाली आपल्या बालपणाबद्दल बोलतात. मला विचाराल तर ताम्रपटापेक्षा ती बैठक मोलाची.

एक घोळ इथेच मिटवतो. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार वेगळा. तो मुलांना मिळतो, शौर्य, खेळ, कला, विज्ञान अशा कामगिरीसाठी. नावातल्या ‘बाल’ या शब्दावरून अनेक शिक्षक तिथे पुस्तकाची चौकशी करतात. तसंच पद्म सन्मान. ते एखाद्या पुस्तकाला मिळत नाहीत, माणसाच्या कामाला मिळतात. रस्किन बाँड यांना १९९९ मध्ये पद्मश्री आणि २०१४ मध्ये पद्मभूषण मिळालं. मधल्या काळात, २०१२ मध्ये, इंग्रजीसाठी अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही मिळाला, तोही एकूण योगदानासाठी. अकादमीचा मुख्य पुरस्कार त्यांना १९९२ मध्येच मिळाला होता. म्हणजे मोठ्यांसाठीचा पुरस्कार घेतलेल्याला मुलांसाठीचा बंद होत नाही.

निवड कशी होते? प्रत्येक भाषेसाठी तिघांची समिती असते. त्यांचं एकमत झालं किंवा बहुमत झालं की ती शिफारस कार्यकारी मंडळापुढे जाते आणि मंडळ पुरस्कार जाहीर करतं. अकादमी पुस्तकांसाठी सूचना काढते ती तिच्या संकेतस्थळावर पाहायची. शुल्क कसलंही नसतं. पुस्तकाला मात्र वर्षांची चौकट असते, आणि बहुतेक लेखक तिथेच गोंधळतात. पुरस्काराच्या वर्षाच्या आधीचं एक वर्ष सोडायचं आणि त्यामागची पाच वर्षं धरायची. २०२५च्या पुरस्कारासाठी १ जानेवारी २०१९ ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात पहिल्यांदा छापलेली पुस्तकं पाहिली गेली. तुमचं पुस्तक २०२३चं, म्हणजे ते २०२५ला पहिल्यांदा चौकटीत आलं, आणि हाच हिशेब चालू राहिला तर २०२९पर्यंत राहील. यंदा छापलं आणि यंदाच पाठवलं, असं इथे चालत नाही. मला ही पद्धत आवडते. पुस्तक निदान एक पावसाळा काढतं, ते मुलांच्या हातात टिकतं की नाही ते कळतं.

‘पहिल्यांदा छापलेली’ या शब्दांवर जोर द्या. आमच्याकडे एका कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती काढताना शीर्षकपानामागच्या पानावरची पहिल्या आवृत्तीची तारीख गळाली. फक्त नव्या आवृत्तीचं साल राहिलं. प्रूफ मीच पाहिलं होतं. ते पुस्तक एका स्पर्धेला नवं म्हणून गेलं आणि परीक्षकांपैकी एकाच्या घरी पहिली आवृत्ती निघाली, आठ वर्षं जुनी. लेखिकेला काहीच माहीत नव्हतं, ओशाळवाणं मात्र तिलाच व्हावं लागलं. तेव्हापासून मी प्रूफ वाचताना गोष्ट शेवटी वाचतो आणि ते मागचं पान आधी.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. तुमच्या पुस्तकाला हा पुरस्कार मिळू शकतो का? यासाठी नियमांपेक्षा मराठीची यादी वाचा. २०१० ते २०२५ अशी सोळा नावं आहेत आणि ती नीट वाचली की बरंच काही दिसतं.

पहिला पुरस्कार अनिल अवचटांना, ‘सृष्टीत... गोष्टीत’ला. दुसरा, २०११चा, दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला. दोन्ही पुस्तकं. मग सलग पाच वर्षं पुस्तक नाहीच. २०१२ बाबा भांड, २०१३ अनंत भावे, २०१४ माधुरी पुरंदरे, २०१५ लीलाधर हेगडे, २०१६ राजीव तांबे. या पाचही जणांना एकूण योगदानासाठी. २०१७ला ल. म. कडू यांची ‘खारीचा वाटा’ ही कादंबरी, आणि २०१८ला रत्नाकर मतकरींना पुन्हा एकूण योगदान. म्हणजे पहिल्या नऊपैकी सहा वर्षं मराठीनं माणसाला सलाम केला, विशिष्ट पुस्तकाला नाही.

यावर नाकं मुरडणारे होते. मी त्यांतला नव्हतो. कारण मागची थकबाकी केवढी होती ते पाहा. साहित्य अकादमी १९५४ साली सुरू झाली आणि मराठीतला तिचा पहिला पुरस्कार १९५५ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ला मिळाला. तिथून पुढे २०१०पर्यंतच्या पंचावन्न वर्षांत मराठीच्या मुख्य पुरस्कारांच्या यादीत मुलांसाठी लिहिलेलं एकही पुस्तक नाही. साने गुरुजी अकादमी जन्मायच्या चार वर्षं आधी, १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं सोडा. पण पु. ल. देशपांडे यांना १९६५ला पुरस्कार मिळाला तो ‘व्यक्ती आणि वल्ली’साठी, मुलांच्या नाटकांसाठी नव्हे. मंगेश पाडगावकरांना १९८०ला मिळाला तो ‘सलाम’साठी. त्यांच्या बालकविता घराघरांत म्हटल्या जात होत्या, पण त्या हिशेबात नव्हत्या. विंदा करंदीकरांनी मुलांसाठी जे लिहिलं ते एवढं उंचीचं आहे की दुसऱ्या कुणी तेवढंच लिहिलं असतं तरी त्याचं नाव राहिलं असतं. त्यांना २००३चा ज्ञानपीठ मिळाला. मुलांच्या साहित्यासाठी वेगळा राष्ट्रीय सन्मान सुरू झाला त्याच वर्षी, १४ मार्च २०१०ला, ते गेले.

आणि भा. रा. भागवत. फास्टर फेणेचे जनक, फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या ओंजळीत आणून ओतणारा माणूस. जन्म ३१ मे १९१०. पुरस्कार सुरू झाला तो बरोबर त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, आणि ते जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. हे आठवलं की मला अजून चुटपुट लागते. एवढी वर्षं रांगेत उभी असलेली माणसं समोर असताना पहिल्या काही वर्षांत ‘एकूण योगदान’ हाच न्याय होता. मतकरींनी १९६२च्या सुमारास बालनाट्य उभं करायला घेतलं आणि त्यांना हा सन्मान मिळाला २०१८ला. दोन वर्षांनी, २०२०च्या मे महिन्यात, ते गेले.

२०१९पासून मराठीची यादी बदलली. २०१९ सलीम सरदार मुल्ला, ‘जंगल खजिन्याचा शोध’. २०२० आबा महाजन, ‘आबाची गोष्ट’. २०२१ संजय वाघ, ‘जोकर बनला किंगमेकर’. २०२२ संगीता बर्वे, ‘पियूची वही’. २०२३ एकनाथ आव्हाड, ‘छंद देई आनंद’. २०२४ भारत सासणे, ‘समशेर आणि भूतबंगला’. २०२५ सुरेश सावंत, ‘आभाळमाया’. सातही वर्षं पुस्तकाला. चार कादंबऱ्या, एक कथासंग्रह, दोन कवितासंग्रह. हे चांगलं झालं. ग्रंथपालाला आणि पालकाला दुकानात जाऊन मागता येईल अशी एक वस्तू मिळाली. ‘एकूण योगदान’ दुकानात मागता येत नाही.

पण याच बदलानं तुमच्यासारख्यांसाठीचं एक दार लोटलं गेलं, आणि मला सांगायचं आहे ते हेच. पुस्तक म्हणून गौरवलेल्या दहाही नावांवरून बोट फिरवा. त्यात पहिलीच्या मुलानं बोट ठेवून वाचावं असं चित्रपुस्तक एकही नाही. सगळी वाचायला सरावलेल्या मुलांची आहेत, चौथी-पाचवीच्या पुढची. लहानांचं चित्रपुस्तक या यादीत पोचलं ते एकदाच, २०१४ला, माधुरी पुरंदरे यांच्या रूपानं. तेही कुठल्या एका चित्रपुस्तकाला मिळालं नाही, त्यांच्या एकूण कामाला मिळालं. त्यांच्या बाबतीत लिहिणारा हात आणि चित्र काढणारा हात एकच आहे. हा पुरस्कार लेखकाचा आहे. चित्रकाराचं नाव ताम्रपटावर येत नाही. तुमच्या पुस्तकात वाक्यं मोजून सात-आठ एका पानावर, आणि उरलेली गोष्ट ड्रॉइंगच्या सरांनी सांगितली आहे. आजी रुसली आहे हे तुम्ही लिहिलेलंच नाही, ते चित्रातल्या पाठमोऱ्या आजीवरून कळतं. ते पान मला फार आवडलं. पण तिघा परीक्षकांसमोर एकशे ऐंशी पानांची कादंबरी आणि तुमची बत्तीस पानं शेजारी ठेवली, तर तोलताना काय होतं ते मी इतर स्पर्धांच्या टेबलांवर पाहिलेलं आहे. जाडी जिंकते असं म्हणणार नाही. मात्र ज्यात बोलण्यासारखे शब्द जास्त, त्यावर बैठकीत बोलणं जास्त होतं. चित्रावर बोलायला आपल्या साहित्याच्या परीक्षकांना अजून शब्द सापडत नाहीत.

पाठवा, चौकटीत आहे तोवर जरूर पाठवा. सूचनेत वयोगटाबद्दल काय लिहिलं आहे तेवढं आधी वाचा. मात्र आशा तिथेच टांगून ठेवू नका.

यादीत आणखी एक गोष्ट आहे, जी मी प्रत्येक व्यासपीठावर सांगतो आणि संयोजक घड्याळाकडे बघायला लागतात. सोळा नावांत बायका दोन. २०१४ला पुरंदरे, २०२२ला बर्वे. मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्या, मासिकं चालवणाऱ्या, बालवाडीची गाणी रचणाऱ्या बायका किती! आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांचे गठ्ठे मी उचलले आहेत, त्यांत निम्म्याहून जास्त बायकांची असायची. बालसाहित्यिका लीलावती भागवत २०१३पर्यंत आपल्यात होत्या. पुरस्काराला त्यांची चार वर्षं मिळाली होती. तुम्ही बाई आहात म्हणून तुमचं पुस्तक मागे पडेल असं मी म्हणत नाही. ज्या प्रकारचं लेखन बायकांनी जास्त केलं, अगदी लहानांसाठीचं, तोंडी, गाण्यातलं, चित्रांबरोबरचं, तो प्रकारच या तराजूत हलका ठरतो असा माझा अंदाज आहे. दोन्ही गोष्टी एकाच मुळाशी जातात.

तिसरी गोष्ट जरा गोड. ही माणसं पोटापाण्याला काय करत आली? मुल्ला वनखात्यात. आव्हाड मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिक्षक. सावंत नांदेडचे, मुख्याध्यापक होते. वाघ नाशिकचे पत्रकार. प्रभावळकर नट. अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. हेगडे राष्ट्र सेवा दलाचे. निव्वळ मुलांसाठी लिहून घर चालवलेला माणूस शोधावा लागेल. तेव्हा शाळा सांभाळून लिहिणं हा कमीपणा समजू नका, हा आपल्या बालसाहित्याचा नेहमीचाच रस्ता आहे. उलट वर्गात रोज चाळीस परीक्षक समोर बसतात, कंटाळा आला की लगेच पेन्सिलीला टोक करायला उठतात.

मग तुमच्या पुस्तकाला आणखी कुठे जागा आहे?

राज्य शासनाचे स्वर्गीय यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार. हे राष्ट्रीय नाहीत, पण मुलांच्या पुस्तकांसाठी त्यांची रचना जास्त समजूतदार आहे. दिल्लीत अख्ख्या मराठी बालसाहित्याला मिळून एक जागा. इथे बालवाङ्मयाचे प्रकारच वेगळे केलेले आहेत आणि प्रत्येकाला एका पूर्वसुरीचं नाव आहे: कवितेला बालकवी, नाटक-एकांकिकेला भा. रा. भागवत, कादंबरीला साने गुरुजी, कथेला राजा मंगळवेढेकर, सर्वसामान्य ज्ञानाला यदुनाथ थत्ते आणि संकीर्णला ना. धो. ताम्हनकर. (ताम्हनकरांचा गोट्या संकीर्णमध्ये जाऊन बसला हे पाहून गोट्या स्वतः खो-खो हसला असता.) तुमचं पुस्तक कथेत बसतं. इथे वर्षाची चौकट अरुंद असते, त्या त्या प्रकाशनवर्षाचीच पुस्तकं घेतात, म्हणून २०२३ची संधी गेली. पुढच्या पुस्तकाच्या वेळी मात्र छापल्या वर्षीच जाहिरातीवर लक्ष ठेवा.

चित्रांचा विचार करणारा सन्मान हवा असेल तर टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कार पाहा. तो सरकारी नाही, पण देशभराचा आहे, आणि त्यात लेखक आणि चित्रकार या दोघांनाही स्वतंत्रपणे निवडतात. लेखकासाठी दरवेळी एक भारतीय भाषा घेतात. २०१६ला पहिल्याच वेळी ती भाषा मराठी होती आणि लेखिका पुन्हा माधुरी पुरंदरे. चित्रकार होते अतनु राय. चित्रकाराला भाषेची अट नाही, म्हणजे तुमच्या ड्रॉइंगच्या सरांचं काम तिथे त्यांच्या स्वतःच्या नावावर उभं राहू शकतं. मात्र तिथे एका पुस्तकापेक्षा वर्षानुवर्षांचं काम पाहतात. सरांना सांगा, मूळ चित्रं जपून ठेवा. छापखान्यात दिलेली मूळ चित्रं परत न आणणारे चित्रकार मी कितीतरी पाहिले, आणि दहा वर्षांनी कुणी काम दाखवा म्हटलं की त्यांच्याकडे दाखवायला छापील, फिकट झालेलं पुस्तक तेवढं उरतं.

जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय बालसाहित्य मंडळ दर दोन वर्षांनी एक सन्मानयादी काढतं आणि तिच्यात लेखक, चित्रकार, अनुवादक असे तीन वेगळे रकाने असतात. भारतातून तिथे नावं पाठवण्याचं काम लेखक-चित्रकारांची दिल्लीतली एक संघटना करते. याच मंडळाचा, १९५६पासून चालत आलेला हान्स अँडरसन पुरस्कार आधी फक्त लेखकाला होता, दहा वर्षांनी, १९६६ला, चित्रकारासाठी वेगळा सुरू झाला. त्यांना दहा वर्षांत जे उमजलं ते आपल्या अकादमीला सोळा वर्षांत उमजलेलं नाही. चोवीस भाषांना मिळून वर्षाला एक चित्रकार गौरवायला खर्च तरी किती येणार? चित्राला भाषांतर लागत नाही, चोवीस समित्याही लागणार नाहीत. माझं हे लेखी कळवून झालं आहे. उत्तर आलं नाही, पण मी पुन्हा लिहीन.

पुरस्कार मिळाल्यावर काय होतं, हेही ऐका, कारण तुम्ही ‘त्याचा उपयोग काय’ असं विचारलंत आणि वर क्षमा मागितलीत. क्षमा कशाला? मुलाला पुरस्कारानं फरक पडत नाही. मुखपृष्ठावर ‘पुरस्कारप्राप्त’ असा गोल सोनेरी शिक्का चिकटवला की मूल तो नखानं खरवडून काढतं, एवढंच मी पाहिलं आहे. फरक पडतो मोठ्यांना. मराठीत मुलांच्या पुस्तकाची आवृत्ती बहुतेक वेळा हजार प्रतींची, ती संपायला वर्षं लागतात, आणि संपली की प्रकाशक पुन्हा छापायला धजावत नाही, कारण रंगीत छपाई महाग. पुरस्कारानं तो धजावतो. वाचनालयांच्या खरेदीच्या याद्यांत पुस्तक वर सरकतं. दुसऱ्या भाषेतला अनुवादक फोन करतो. ज्याचं पुस्तक छापायला कुणी तयार नव्हतं त्याच्या पुढच्या हस्तलिखिताला प्रकाशक स्वतः विचारतो. पण हे सगळं पहिल्या दीड-दोन वर्षांत होतं. तेवढ्यात प्रती तयार नसतील तर शिक्का फुकट जातो. एका लेखकाचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा पुस्तक सहा महिन्यांपासून बाजारात नव्हतं. वर्तमानपत्रांत फोटो, आणि दुकानात विचारलं की ‘येईल पुढच्या आठवड्यात’. ते आलं दिवाळीनंतर. तोवर लोक दुसरं काहीतरी विचारायला लागले होते.

शाळेच्या कपाटासाठी म्हणाल, तर सोळाच्या सोळा नावं घेण्याचा हट्ट धरू नका. तुमच्या पहिली-दुसरीला आधी माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही चित्रपुस्तकं घ्या. दोन संच घ्या, एक फाटणारच. मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ किंवा ‘निम्मा शिम्मा राक्षस’ घेतलंत तर गॅदरिंगलाही उपयोगी पडेल, आणि नाटक वाचताना मुलं आपोआप आवाज बदलतात. चौथीच्या पुढच्यांना ‘बोक्या सातबंडे’. कविता म्हणायला आव्हाड आणि सावंत. एखादी मुलगी वहीत काहीबाही लिहिते आणि ती वही लपवते असं दिसलं, तर तिला ‘पियूची वही’ द्या, पण सगळ्यांदेखत नको. आणि यादीत नसलेला फास्टर फेणे घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका.

शेवटी तुमच्या पुस्तकाबद्दल दोन गोष्टी. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत शीर्षकपानाच्या मागे ‘प्रथमावृत्ती’ आहे, पण साल नाही, नुसतं ‘दिवाळी’ आहे. दुसरी आवृत्ती काढाल तेव्हा ‘प्रथमावृत्ती : नोव्हेंबर २०२३’ असं स्पष्ट छापा. सध्याच्या प्रती पाठवायच्या असतील तर प्रकाशकाकडून प्रकाशनवर्षाचं लेखी पत्र घेऊन सोबत जोडा. आणि चित्रकाराचं नाव त्याच पानावर अगदी खाली, छापखान्याच्या नावाखाली गेलं आहे. ते मुखपृष्ठावर घ्या, तुमच्या नावाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात.